गरम प्लग, थंड प्लग

वीरेशच्या तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा तोंडात अर्धी भाकरी होती. त्यामुळे ते कुणाला नीट ऐकू गेलं नसेल, अशी आशा त्याला पुढे आठवडाभर वाटत राहिली. पण उदगीरच्या त्या घरात भाकरीतून बोललेलंही सगळ्यांना समजत असे. वीरेश दुसऱ्या कुठल्या वेळी बोलायचाच नाही, म्हणून सवय झाली होती.

झालं होतं असं, की मंगळवारी दुपारी शिवकन्यावैनीची शिक्षणसेवकाची ऑर्डर आली. डी.एड. होऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत तिनं शिकवण्या घेतल्या, ब्लाउज शिवले, शेजारच्या चार पोरांना दहावी पास केलं, आणि सरकारवरचा विश्वास तेवढा कधी सोडला नाही. ऑर्डरीत लिहिलं होतं, जिल्हा परिषद शाळा, हंगरगा, येत्या सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हावे. हंगरगा म्हणजे देगलूर रस्त्याला चौदा किलोमीटर.

"साडेआठची एसटी हाय," वैनी म्हणाली. "तिनं गेलं की झालं."

"एसटी कशाला?" वीरेश म्हणाला. "अण्णाच्या येझदीवर जाऊ. मी सोडतो."

ताटावरचे सगळे हात थांबले. सगळे म्हणजे तिघांचे. वैनीचा, अव्वाचा म्हणजे आईचा, आणि खुद्द वीरेशचा. (चौथा पाट आठ महिन्यांपासून भिंतीला टेकवून ठेवला होता. झाडताना अव्वा त्याच्या भोवतीनं झाडायची.)

अण्णा म्हणजे मल्लिनाथ, वीरेशचा थोरला भाऊ. फेब्रुवारीत भर दुपारी छातीत कळ आली म्हणून खुर्चीत बसला, तो लिंगैक्यच झाला. चहा मागवला होता, तो तसाच राहिला. त्या अण्णाची ती येझदी मोटारसायकल. नऊ वर्षांपूर्वी वैनीचा डी.एड.चा निकाल लागला त्या दिवशी त्यानं सगळ्या गल्लीसमोर सांगितलं होतं, "ऑर्डर येऊ दे फक्त. पहिल्या दिवशी येझदीवर बसवून नेतो, आणि शाळेच्या दारात तीनदा हॉर्न वाजवतो. हेडमास्तर बाहेर आला पाहिजे."

ऑर्डर आली. अण्णा नव्हता. येझदी होती, पण जिन्याखाली, डाळमिलच्या रिकाम्या पोत्यांखाली.

"भाऊजी," वैनी हळूच म्हणाली, "ती चालू होती का?"

"चालू करायला काय लागतंय? किक मारायची."

असा तो विचार वीरेशच्या डोक्यात भाकरी मोडताना आला आणि घास गिळायच्या आत बाहेर पडला. त्याचे सगळेच विचार याच वाटेनं येत. (असाच एक विचार आठवीत असताना भूगोलाच्या तासाला आला होता. तो तडक उठून घरी आला. दप्तर अजून शाळेतच आहे.) आता तो डाळमिलचा टेंपो चालवायचा. उदगीरहून लातूर, लातूरहून नांदेड, आणि येताना रिकामा.

 संध्याकाळी वैनीनं बॅगेतून एसटीचं वेळापत्रक काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेलं वीरेशनं पाहिलं. फेकलं नव्हतं, फळीवर ठेवलं होतं. म्हणजे अर्धा विश्वास होता. बाकीचा अर्धा सोमवारपर्यंत मिळवायचा होता.

बुधवारी पहाटेच त्यानं येझदी ढकलत खाजामियाँच्या गॅरेजवर नेली. गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला, नांदेड नाक्यावर. खाजामियाँनी गाडीकडे पाहिलं, मग वीरेशकडे पाहिलं, आणि काही न विचारता पाने काढले. अण्णा त्यांचा जुना गिऱ्हाईक. जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बुरेटर धुतलं, बॅटरी चार्जिंगला लावली, ऑइल मिसळून नवं पेट्रोल भरलं. शेवटी भिंतीवरच्या खिळ्याला लाल दोऱ्यानं टांगलेला एक काळाकुट्ट स्पार्क प्लग काढला, इंजिनात बसवला आणि म्हणाले, "मार किक."

एका किकमध्ये येझदी बोलली. निळा धूर सगळ्या नाक्यावर पसरला. समोरचा भजीवाला खोकत बाहेर आला आणि धुराकडे बघून म्हणाला, "मल्लिनाथ आला का?" मग त्याला आठवलं, आणि तो परत आत गेला.

वीरेशनं मान खाली घालून बराच वेळ ॲक्सिलेटर दिला. धूर डोळ्यात जातो म्हणून डोळे पुसले.

"इंजन ए-वन हाय," खाजामियाँ म्हणाले. "तेरे भाई का प्लग मर गया बस. नवा लेके आ, लगा और जा."

"हाच ऱ्हाऊ द्या की चाचा."

"ये नक्को मांग. मेरे उस्ताद की निशानी हाय. इसपे मै सिर्फ गाड्यां जांचतौं." त्यांनी प्लग काढला, फुंकर मारली आणि परत खिळ्याला टांगला.

वीरेशनं येझदी ढकलत घरी आणली. वाटेत चढ होता. अण्णा हा चढ तिसऱ्या गियरमध्ये चढायचा.

आता पुढचं समजायला या घराची एक रीत सांगायला हवी. नवी वस्तू घरात आली की ती आधी देव्हाऱ्यात जायची. अव्वा, म्हणजे नागाबाई, विभूतीची गोळी ओल्या तळव्यावर उगाळायची आणि तीन बोटांनी तीन आडव्या रेघा ओढायची. मग वस्तू वापरायला मोकळी. कुकरला रेघा, पंख्याला रेघा, वैनीच्या शिलाई मशीनला रेघा. वीरेशनं मोबाइल घेतला तेव्हा अव्वानं नुसत्या मोबाइलवर भागवलं नाही. "आत काय असतंय ते बी आण," म्हणून सिमकार्ड मागवून घेतलं. त्या सिमकार्डाला तीन रेघा मावेनात म्हणून तिनं ते सगळंच माखलं. नंतर दोन दिवस ते उन्हात वाळत होतं. (एवढं होऊन वीरेशच्या डोक्यात काही आलं नाही. येणारं लवकर येतं, नाहीतर येतच नाही, असं ते डोकं होतं.)

आणि अण्णानं तर आयुष्यात अव्वाच्या हाताला लावल्याशिवाय नवा प्लग बसवला नव्हता. हे वीरेशनं लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा प्लगची डबी घेऊन आत यायचा, चप्पल काढायचा, डबी दोन्ही हातांनी अव्वाला द्यायचा. अव्वा रेघा ओढायची. अण्णा डबी घेऊन बाहेर जायचा आणि पाच मिनिटांत येझदी फटफटायची. त्यामुळे वीरेशनं मनाशी ठरवलं होतं, जसं अण्णा करायचा तसंच करायचं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

पहिला प्लग उदगीरच्याच दुकानात घेतला. "येझदीचा द्या," एवढंच म्हणाला. घरी आला, चप्पल काढली, डबी दोन्ही हातांनी अव्वाला दिली. अव्वानं डबीतला नवाकोरा पांढराशुभ्र प्लग हातात घेतला, त्याच्याकडे जरा बघितलं, वीरेशकडे जरा बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग रेघा ओढल्या. प्लग बोटाएवढा आणि रेघा बोटाच्या, तेव्हा प्लगचा कुठला भाग सुटला असं म्हणता येणार नाही.

वीरेशनं साठ किका मारल्या. येझदीनं पाय मात्र दोनदा परतवला. (येझदीची किक आणि गियर एकच दांडी असते. किक मारली की तीच दांडी पुढे वळवायची, तोच गियर. वीरेशच्या नडगीला हे साठ वेळा नव्यानं कळलं.)

त्यानं प्लग काढून पाहिला आणि खाजामियाँना फोन लावला.

"चाचा, ओला होऊन राहिला."

"कैसा गीला? पेट्रोल आरा?"

"हाव. पेट्रोलनं चिंब."

"तो ठंडा प्लग दिया होंगा तेरेकू. गरम ले."

वीरेशनं टाकीची नळी काढून वाटीत पेट्रोल घेतलं, प्लग धुतला. धुतल्यावर विभूती गेली. आता विभूती गेलेला प्लग कसा बसवायचा? त्यानं तो परत अव्वाकडं नेला. परत रेघा, परत साठ किका. समोरच्या घरातल्या काकूंनी गॅलरीत खुर्ची आणून ठेवली.

शुक्रवारी टेंपो घेऊन लातूरला गेला तेव्हा तुरीची पोती उतरेपर्यंत तो रेवणसिद्ध यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पोहोचला. वैनी त्या दिवशी लातूरलाच होती, फिटनेस सर्टिफिकेट आणि झेरॉक्सवर सह्या घ्यायला. तिथून ती निलंग्याला माहेरी जाऊन रविवारी येणार होती.

"येझदीला गरम देऊ का थंड?" रेवणसिद्ध यांनी विचारलं.

"फरक काय असतो?"

रेवणसिद्ध यांनी चष्मा कपाळावर चढवला. जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईक आता महिन्यातून एखादं येत असणार, कारण ते तयारीनं बोलले. "बगा, प्लगच्या टोकाला आग सोसावी लागती. गरम प्लग आपली उष्णता धरून ठेवतो, त्यामुळं त्यावर तेलकट साठत न्हाई. थंड प्लग उष्णता सोडून देतो. गाडी लई पळवायची तर थंड. गावातल्या गावात हळू चालवायची तर गरम. तुमी कशी चालवता?"

"मी ढकलतो," वीरेश म्हणाला.

"तसं न्हाई हो. चालल्यावर कशी चालती? थंड देऊ का गरम, तेवढं सांगा."

वीरेशचा हात आपोआप खिशात गेला. मोबाइल काढला. यादीत सगळ्यात वर 'अण्णा' होतं, आणि अंगठा जाऊन तिथेच पडला. रिंग जायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, पण तोवर पलीकडून फोन उचलला गेला.

"बोला भाऊजी," वैनी म्हणाली.

 अण्णाचा फोन ती अजून रोज चार्ज करून पर्समध्ये बाळगत होती, हे वीरेशला माहीत नव्हतं. तो नंबर अजून सगळ्यात वर आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"काही न्हाई वैनी. चुकून लागला."

"प्लगचं विचारायचं होतं ना?"

"हाव. गरम का थंड म्हणून राहिलेत."

"त्यांना विचारून बी काय कळलं असतं. ते पाच दुकानं फिरायचे आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणायचे." तिचा आवाज हसल्यासारखा आला. "घ्या एक कोणता तरी. एसटी हायच."

एसटी हायच म्हटल्याबरोबर वीरेशनं काउंटरवर हात आपटला आणि म्हणाला, "गरम द्या. सगळ्यात गरम."

सगळ्यात गरम प्लग घरी आला. चप्पल, दोन्ही हात, देव्हारा, रेघा. अव्वानं या वेळी नवं पाणी घेऊन विभूती जास्त घट्ट उगाळली, कारण पोराची नडगी सुजलेली तिला दिसत होती. ऐंशी किका झाल्या. समोरच्या काकूंच्या गॅलरीत आता खाली राहणारे पेन्शनर काकाही बसायला लागले होते, आणि ते मोठ्यानं मोजायचे. त्यांचा एकदा आकडा चुकला म्हणून ते परत पहिल्यापासून मोजायला लागले.

"चाचा, गरम बी ओलाच होऊन राहिला."

"हट," खाजामियाँ फोनवर म्हणाले. "ज्यादा गरम लिया तू. बीच का ले."

शनिवारी नांदेड. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला एक सरदारजी जुन्या गाड्यांचं सामान ठेवतात असं कुणीतरी सांगितलं होतं. वीरेश शहाणपण करून जुना प्लग सोबत घेऊन गेला होता, शुक्रवारचा, न धुतलेला. सरदारजींनी तो उजेडात धरला, वास घेतला आणि टोकातला पांढरा चिखल नखानं कोरला.

"याला पावडर कुणी लावली?" त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं.

"पावडर न्हाई ती. विभूती हाय. देवापुढं ठेवला होता."

सरदारजींनी पटकन नख पुसलं, प्लग आदरानं कपाळाला लावला आणि कागदात गुंडाळून परत दिला. त्यानंतर त्या पांढऱ्या चिखलाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. (देवाच्या कामात कोण कशाला तोंड घालील.) "तीन प्रकार आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "एक गरमाच्या जवळचा, एक थंडाच्या जवळचा, एक अगदी मधला. कोणता देऊ?"

"तिन्ही द्या," वीरेश म्हणाला. या वाक्यासाठी त्याला भाकरीचीही गरज लागली नाही.

रविवारी दुपारपर्यंत दोन प्लग संपले. गरमाच्या जवळचा गेला, थंडाच्या जवळचा गेला. प्रत्येकाला अव्वानं रेघा ओढल्या, प्रत्येक वेळी तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वीरेशला वाटलं मंत्र म्हणत असेल. प्लग धुण्यासाठी तो टाकीतून वाटी वाटी पेट्रोल काढत राहिला. गॅलरीत आता चहा फिरत होता.

संध्याकाळी वैनी निलंग्याहून आली. तिनं अंगणात पडलेले पाने, वाट्या, पाण्याच्या बादलीत बुडवलेला वीरेशचा पाय, हे सगळं पाहिलं.

"लागली का काय?" तिनं विचारलं.

"गाडी लागती उद्या. एक राहिलाय. मधला."

"तसं न्हाई. नडगीला म्हणत होते."

तिनं हळद गरम करून आणून दिली आणि देव्हाऱ्याच्या फळीवरचं वेळापत्रक उचलून परत बॅगेत घातलं. वीरेशनं ते पाहिलं. हळदीपेक्षा ते जास्त झोंबलं. अण्णानं दिलेला एक शब्द, आणि तो पाळायला मागे उरलेला एकटा भाऊ. त्याला एक प्लग निवडता येऊ नये. आडवं होऊन छताकडं बघत तो विचार करत राहिला, गरम का थंड, गरम का थंड, आणि तसाच झोपला.

सोमवारी सकाळी सातला त्यानं आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, चप्पल काढली आणि शेवटची डबी दोन्ही हातांनी अव्वाला दिली. वैनी नवी साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात वेणी घालत उभी होती. अव्वानं गोळी उगाळली, डबीतला पांढराशुभ्र प्लग काढला आणि तीन बोटं टेकवली.

वैनीचा वेणीतला हात थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा बाहेर या."

अंगणात येऊन तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं, "तुमी अव्वाला खरा प्लग देता?"

"मंग खोटा कुठं मिळतो?"

"आठवडाभर खराच दिलात?"

"पाची खरे दिले. अण्णा देत होता तसाच."

वैनीनं तोंडावर पदर धरला. वीरेशला वाटलं ती रडते आहे. तिचे खांदे हलत होते. मग ती येझदीजवळ गेली, बाजूची पेटी उघडली आणि आतून पत्र्याचा एक चहाचा डबा काढून त्याच्या हातात दिला. डबा जड होता. आत जळके प्लग होते. काळे, झिजलेले, टोकं खाल्लेले, एकोणीस प्लग, आणि प्रत्येकावर विभूतीच्या तीन रेघा.

"ते नव्या डबीत जुना प्लग घालून न्यायचे," वैनी म्हणाली. "नवा शर्टाच्या खिशात, आणि बसवून झाला की जळका त्याच खिशात. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा खरा दिला होता, तवा आमी देगलूरच्या अलीकडं चार तास रस्त्यावर बसलो. विभूती ओली असती, आत बसती, मंग ठिणगी कशी पडायची? पण अव्वाला सांगायचं न्हाई, अशी माझ्याकडून शपथ घेतली होती. मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल. गाडीचं सगळं तुमा दोघांचंच असायचं."

वीरेश डब्याकडे बघत उभा राहिला. शर्टाच्या खिशावरचा तो काळा डाग. अव्वा दर सोमवारी तो घासायची आणि म्हणायची, हा मेला डाग कुठून येतो. बावीस वर्षं मागे मागे फिरूनही अण्णानं हे एवढं त्याला सांगितलं नव्हतं. आधी त्याला राग आला. मग अण्णा चप्पल काढून, चेहरा गंभीर करून, दोन्ही हातांनी जळका प्लग पुढे करतो आहे असं त्याच्या डोळ्यापुढं आलं आणि तो पायरीवर बसून हसायला लागला. वैनीही हसायला लागली. आवाज बाहेर काढता येत नव्हता म्हणून दोघं तोंड दाबून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. आठ महिन्यांत त्या अंगणात कुणी असं हसलं नव्हतं. गॅलरीतल्या काकूंनी काकांना विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "अजून किक चालू झाली न्हाई."

वीरेशनं आत जाऊन अव्वाच्या हातून डबी घेतली, नमस्कार केला आणि बाहेर येऊन प्लग टाकीतल्या पेट्रोलनं धुतला. घासायला ब्रश लागला, तो त्यानं स्वतःचा दात घासायचा घेतला. (नंतर आठवडाभर त्याला चहाला पेट्रोलचा वास येत होता.) एका वाटीत भागेना म्हणून तीन वाट्या घेतल्या. पुसला, फुंकला, बसवला.

एका किकमध्ये येझदी बोलली.

धूर गल्लीभर झाला. गॅलरी दिसेनाशी झाली. तिच्यातून फक्त "एक" असा काकांचा निराश आवाज आला. वैनी मागे बसली, पर्स मांडीवर घेतली, ऑर्डरीची फाइल छातीशी धरली. अव्वा दारात आली होती. तिनं हात वर केला नाही, नुसती बघत राहिली. धूर गेला तरी बघत राहिली.

देगलूरचा रस्ता सकाळी मोकळा होता. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या काढण्या चालू होत्या. येझदी आपल्या जुन्या आवाजात चालली होती आणि बांधावरची माणसं विळा थांबवून मान वर करत होती. वैनी सगळ्या रस्त्यात एकदाच बोलली, "हळू न्या. दहाला वेळ हाय." वीरेशनं हळू नेली. (गावातल्या गावात हळू चालवायची तर गरम, हे त्याला आठवलं. मग हा कोणता आहे ते आठवेना.)

हंगरग्याच्या उतारावर शाळा दिसायला लागली तेव्हा येझदी दोनदा उचकली आणि गप्प झाली. पण उतार होता. गाडी आवाज न करता, अगदी साहेबाच्या गाडीसारखी घरंगळत थेट शाळेच्या दारात जाऊन थांबली. दहाला दहा कमी होते. वीरेशनं हॉर्नवर अंगठा ठेवला. पहिला नीट वाजला. दुसरा अर्धा वाजला. तिसरा शेळीसारखा आला. पण तीन झाले.

हेडमास्तर बाहेर आले.

वैनी खाली उतरली. पदर नीट केला. टाकीवर तळवा ठेवून जराशी थांबली, आणि आत गेली. वीरेशनं तिला व्हरांड्यातून जाताना पाहिलं, रजिस्टरवर वाकताना पाहिलं. मग त्यानं गॉगल लावला आणि रुबाबात किक मारली.

पस्तीस किका झाल्यावर त्यानं प्लग काढला. स्वच्छ होता. घासला, फुंकला, गॅप ब्लेडनं मोजला, परत बसवला, परत मारल्या. आतून पोरांचे मोजायचे आवाज यायला लागले. पहिलीचा वर्ग होता, वैनीला आयता धडा मिळाला. पन्नासच्या पुढं पहिलीला येईना तेव्हा वैनी खिडकीत आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "टाकीत बघितलं का?"

वीरेशनं टाकी उघडली. तळाचा कोरडा पत्रा दिसत होता. आठवडाभर वाटी वाटी करून त्यानं पाच प्लगांना आंघोळ घातली होती, ते पेट्रोल.

दुपारी एक वाजता सोयाबीनची पोती घेऊन उदगीरच्या अडतीला निघालेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी थांबली. पोत्यांच्या मधे येझदी आडवी होती आणि येझदीला धरून वीरेश बसला होता. गॅलरीत काका उभे राहिले. चौघांनी मिळून गाडी उतरवली.

अव्वा पायरीवर सुपात डाळ निवडत बसली होती.

"पोचली का शिवकन्या?"

"पोचली. दहाला दहा कमी होते."

"येझदीवरच?"

"हाव."

"हॉर्न?"

"तीनदा."

अव्वानं मान हलवली. बराच वेळ डाळीतला एकच खडा तिला सापडेना. मग म्हणाली, "बरं झालं."

वीरेश तिच्या शेजारी बसला. पाय दुखत होता, पण मन हलकं होतं, आणि हलक्या मनानं त्याला पुन्हा एक विचार आला. तो तसाच बाहेर पडला.

"अव्वा, एक सांगू का? रागावू नको. अण्णा तुझ्याकडं नवा प्लग कधी आणतच नव्हता. जळका आणायचा. डबी तेवढी नवी."

अव्वानं सूप पाखडलं.

"मला काय दिसत न्हाई का? काळा कोळसा नुसता. मी डोळं झाकून रेघा ओढते व्हय?"

"तुला ठाऊक होतं?"

"एकोणीस येळा बघितला की."

"मंग कधी बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, जुन्यानं इतकी चाकरी केली, म्हणून नवा घालायच्या आधी मल्लू त्याला निरोप देऊन राहिला. चांगली रीत हाय की. मी बी मनापासून लावायची." तिनं एक खडा अंगणात टाकला. "जाणाऱ्याला नीट लावून पाठवावं."

 आत भिंतीला टेकवलेला पाट वीरेशला दिसत होता. मग त्याला आठवलं.

"अगं, मंग मी नवे आणत होतो तवा तरी म्हणायचं. पाच आणले मी. पाय मोडायचा राहिला."

"म्हणणार होते की. दर टायमाला तोंडापर्यंत आलं." अव्वानं पुन्हा सूप उचललं. "मंग म्हणलं, ह्याचं लहानपणापासून सगळं उलटंच. हा नव्यालाच निरोप देऊन राहिला. म्हणून मी बी मनापासून दिला."